बंद हीटरचे पाईप

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला फोन केला तेव्हा म्हणाले, "तू सॉफ्टवेअरमधली, तू एआयवर बोल." मी म्हटलं, त्यावर आपल्या ग्रुपवर रोज सकाळी सगळेच बोलतात. मी गाडीच्या हीटरच्या पाईपांवर बोलते. पलीकडे जरा वेळ शांतता. मग प्रश्न आला, "रत्नागिरीत हीटर?"

प्रश्न बरोबर आहे. आपल्याकडे जानेवारीतल्या पहाटेसुद्धा स्वेटर कपाटातून क्वचितच निघतो. गाडीतलं ते निळं-लाल बटण आपण निळ्याच्या टोकाला नेऊन ठेवतो आणि ते तिथेच राहतं. लाल बाजूला कधी फिरवलं होतं, हे इथे बसलेल्यांपैकी फार थोड्यांना आठवेल. आणि म्हणूनच हा विषय निवडला. हीटर तुम्ही लावा अथवा लावू नका, त्याच्या पाईपांतून इंजिनचं उकळतं म्हणावं इतकं गरम पाणी फिरत असतं. तो पाईप फाटला तर फक्त हीटर बंद पडत नाही, गाडी बंद पडते.

दुसरं कारण आपल्या वयाचं आहे. आपण सगळे पंचेचाळिशीच्या आगेमागे आहोत. पुण्यात, मुंबईत, बंगळुरात, काही जण परदेशात. आईवडील मात्र बऱ्याच जणांचे इथेच आहेत, रत्नागिरीत किंवा आसपासच्या गावांत. त्यांच्या दारात एक गाडी आहे. ती महिन्यातून चार वेळा बाजारात जाते आणि बाकीचे दिवस पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते. आणि जेव्हा खरी गरज पडते, म्हणजे कुणाला तपासणीला कोल्हापूरला न्यायचं असतं, तेव्हा तीच गाडी भर उन्हाळ्यात आंबा घाट चढते. मी आज बोलतेय ते मुख्यतः या गाडीबद्दल.

आधीच सांगते, मी मेकॅनिक नाही. माझी पदवी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची. पहिल्या वर्षाला वर्कशॉपमध्ये लोखंडाचा तुकडा घासून चौकोनी केला होता, तेवढाच माझा यंत्राशी हाताचा संबंध. पण इंजिन थंड कसं राहतं हे समजायला आपल्याला इथे नववी-दहावीत शिकवलेलं शास्त्र पुरतं. सर, तुम्ही शिकवलेलं अजून लक्षात आहे, एवढं आज सिद्ध करून दाखवते.

इंजिनात पेट्रोल जळतं तेव्हा त्यातल्या उष्णतेचा साधारण एक तृतीयांश भागच चाकं फिरवायला मिळतो, अनेकदा त्याहूनही कमी. तेवढीच उष्णता सायलेन्सरमधून धुरासोबत जाते. उरलेली धातूत मुरते, आणि ती वेळच्या वेळी काढून घेतली नाही तर धातू वाकतो. ती काढून घेण्याचं काम पाणी करतं. नुसतं पाणी नव्हे, त्यात कूलंट मिसळलेलं असतं. कूलंट म्हणजे मुख्यतः इथिलीन ग्लायकॉल आणि गंज रोखणारी द्रव्यं. निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकॉल असलं की ते मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. कॅनडात असलेल्या आपल्या मंडळींना ते उपयोगाचं. आपल्याला उपयोग दुसरा. ते साध्या पाण्यापेक्षा जास्त तापमानाला उकळतं आणि आतला धातू गंजू देत नाही.

पंप हे पाणी इंजिनातून फिरवतो. तिथून जाड होज पाईपने ते पुढच्या रेडिएटरमध्ये जातं, वाऱ्याने थंड होतं आणि परत येतं. इंजिन सुरू केल्याबरोबर मात्र रेडिएटरचा रस्ता बंद असतो. मध्ये थर्मोस्टॅट नावाची झडप असते. तिच्यात मेणाची एक गोळी असते. पाणी ऐंशी-पंच्याऐंशी अंशांच्या आसपास तापलं की मेण वितळून फुगतं, झडप उघडते आणि रेडिएटरचं काम सुरू होतं.

आता आपले हीटरचे पाईप. इंजिनातून आणखी दोन बारीक पाईप निघतात, अंगठ्याएवढे जाड, आतला व्यास साधारण १६ ते १९ मिलिमीटर. ते मागे जातात, इंजिन आणि डॅशबोर्ड यांच्यामधल्या पत्र्यातून आत शिरतात. डॅशबोर्डच्या पोटात वहीएवढा एक छोटा रेडिएटर असतो, तोच हीटर. एका पाईपने गरम पाणी जातं, दुसऱ्याने पंपाकडे परत येतं. पुष्कळ गाड्यांमध्ये या रस्त्यावर कॉक नसतोच. थर्मोस्टॅट बंद असो की उघडा, हीटरमधून पाणी वाहतच राहतं. आपण बटण निळ्यावर नेतो तेव्हा पाणी थांबत नाही. डॅशबोर्डच्या आत एक पडदा सरकतो आणि हवा हीटरला वळसा घालून जाते, इतकंच.

आमच्या कामात असे प्रकार रोज भेटतात. स्क्रीनवरून एखादी सोय काढून टाकलेली असते, ग्राहकाला वाटतं ती गेली. पण तिचा कोड मागे चालू असतो, आणि एके रात्री तोच सगळी यंत्रणा खाली बसवतो. जे आपण वापरत नाही ते तपासायचं कुणाच्या यादीतच नसतं.

या पाण्यावर दाबही असतो. आपल्या सगळ्यांच्या स्वयंपाकघरात कुकर आहे. झाकण लावलं, दाब वाढला, की पाणी शंभर अंशांना न उकळता एकशेवीसच्या आसपास उकळतं आणि डाळ लवकर शिजते. गाडीतही तेच तत्त्व. रेडिएटरच्या किंवा कूलंटच्या टाकीच्या झाकणात स्प्रिंग असते आणि ती साधारण कुकरइतकाच दाब धरून ठेवते. त्यामुळे पाणी शंभरच्या वर गेलं तरी उकळत नाही. पण पाईप फाटला की दाब एका क्षणात उतरतो, आतल्या पाण्याची लगेच वाफ होऊ लागते, आणि छोट्या गाडीतलं चार-पाच लिटर पाणी काही मिनिटांत रस्त्यावर येतं. गरम इंजिनचं झाकण उघडू नये असं सांगतात ते यासाठीच. शिट्टी न काढता कुकर उघडण्यासारखं ते आहे, फक्त इथे तोंड झाकणाच्या अगदी जवळ असतं.

हीटर अगदीच निरुपयोगी आहे असंही नाही. आपल्याकडे त्याचा खरा मोसम पावसाळा. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जुलैत घाटात धुकं असतं, गाडीत चार ओली माणसं बसलेली असतात आणि पुढची काच आतून पांढरी होते. आपण फडक्याने पुसत बसतो. त्याऐवजी एसी चालू ठेवून हवा काचेकडे वळवा आणि बटण थोडं लालकडे न्या. एसी हवेतला ओलावा काढतो, हीटर तिला थोडी ऊब देतो, आणि ती कोरडी उबदार हवा काच झपाट्याने स्वच्छ करते. हे एवढं आज घरी घेऊन गेलात तरी माझं बोलणं वाया गेलं नाही.

आता पाईप जातात कसे ते बघू. हे पाईप ईपीडीएम नावाच्या रबराचे असतात, मध्ये धाग्याचं विणकाम. हे रबर उष्णता आणि पाणी छान सोसतं, पण इंजिन ऑईल आणि ग्रीस त्याला चालत नाही. वरून ऑईल गळत असेल तर पाईप फुगतो आणि मऊ पडतो. म्हणून पाईप चमकावायला त्याला तेल किंवा ग्रीस चोपडू नका.

दुसरा आजार बाहेरून दिसत नाही. जुन्या कूलंटमधली गंज रोखणारी द्रव्यं संपलेली असतात. एका बाजूला धातूचं तोंड, दुसऱ्या बाजूला रबर, मध्ये वीज वाहू शकेल असं पाणी. म्हणजे बारीकशी बॅटरीच तयार होते. तिच्यामुळे पाईपला आतून, बहुधा टोकाजवळ, क्लिपच्या आसपास, केसासारख्या चिरा पडतात. बाहेरून पाईप काळाभोर, गुळगुळीत दिसतो. चिरा आतून बाहेर येतात आणि एक दिवस दाबाखाली पाईप उसवतो.

तिसरा आजार आपल्या किनाऱ्याचा. मांडवी, मिऱ्या, भाट्ये, या बाजूला घर असेल तर खिडकीचे गज कसे खातात ते तुम्हाला ठाऊक आहे. तीच खारी हवा गाडीच्या क्लिपांनाही खाते. पाईप चांगला असतो, पण क्लिप गंजून सैल होते आणि तिथून थेंब थेंब गळतं. हार्डवेअरच्या दुकानात स्क्रूने आवळायची जी क्लिप मिळते तिला जुबली क्लिप म्हणतात. ब्रिटिश नौदलातून निवृत्त झालेल्या लम्ली रॉबिन्सन नावाच्या अधिकाऱ्याने १९२१ साली तिचं पेटंट घेतलं आणि जुबिली या नावाने ती विकली. नाव जगभर पसरलं आणि आपल्या हार्डवेअरच्या दुकानापर्यंत आलं.

चौथे उंदीर. पाऊस सुरू झाला की शेडमधल्या गाडीचं इंजिन त्यांना कोरडी जागा म्हणून आवडतं. वायरी कुरतडतात हे सगळ्यांना माहीत आहे, पाईपही सोडत नाहीत.

आणि या सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे. रबर किलोमीटर मोजत नाही, वर्षं मोजतं. आपल्या आईवडिलांच्या गाडीबद्दल आपण अभिमानाने सांगतो, "दहा वर्षांत पंचवीस हजारच फिरलीय, नवीच आहे." इंजिन कदाचित नवं असेल. पाईप दहा वर्षांचे आहेत, कूलंटही बहुधा तितकंच जुनं आहे, आणि क्लिपांनी दहा पावसाळे काढलेत.

हे मला कसं कळलं ते थोडक्यात सांगते. २०२४ च्या मे महिन्यात आम्ही माझ्या बाबांना कोल्हापूरला घेऊन निघालो होतो. हृदयाच्या झडपेची तपासणी होती, साडेअकराची वेळ मिळालेली. गाडी बाबांचीच, २०१३ ची, अकरा वर्षांत अठ्ठावीस हजार किलोमीटर. सर्व्हिसिंग वेळच्या वेळी, सगळी बिलं फाईलला लावलेली. गाडी माझे यजमान चालवत होते. हातखंबा, पाली, नाणीज, साखरपा, सगळं सुरळीत. आंब्याचा चढ सुरू झाला. एसी चालू, दुसरा गिअर, पुढे उसाच्या रिकाम्या ट्रॉल्या नेणारा ट्रॅक्टर.

घाटात इंजिनचं सगळंच बिनसतं हे लक्षात घ्या. ताकद जास्त लागते, म्हणून उष्णता जास्त. वेग कमी, म्हणून समोरून वारा कमी. आणि एसीची जाळी रेडिएटरच्या पुढेच असते, तिची गरम हवा त्याच्यावर. सपाटीवर जो पाईप आणखी वर्षभर टिकला असता तो नेमका इथे जातो.

पुढच्या सीटवरून बाबा म्हणाले, "पाक उकळल्यासारखा वास येतोय. गाडी बाजूला घ्या." बाबांचं उभं आयुष्य एसटीच्या कार्यशाळेत गेलं. त्यांच्या काळी गाड्यांत साधं पाणी भरायचे, पण पाणी जातंय हे त्यांना नाकाने कळलं. कूलंटला गोडसर वास असतो. तापमानाचा काटा तेव्हा मध्यावर होता. आम्ही रुंद जागा बघून थांबलो, इंजिन बंद केलं. बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली.

बॉनेट लगेच उघडलं नाही. अर्धा-पाऊण तास थांबलो. बाबा करवंदीच्या जाळीशेजारच्या सावलीत खुर्चीची गादी टाकून बसले. मोबाईलला रेंज नव्हती. उन्हात, घाटात, ज्यांच्या हृदयाची तपासणी करायची ते असे दगडाला टेकून बसलेले बघणं काय असतं, ते मी इथे वर्णन करत नाही. तुमच्यापैकी काहींनी ते वेगळ्या कारणाने अनुभवलं असेल.

कोल्हापूरहून परत येणारा मासळीचा एक रिकामा टेम्पो थांबला. चालक उतरला, बॉनेटमध्ये डोकं घातलं आणि म्हणाला, "ताई, हा हीटरचा पाईप. क्लिपापाशी उसवलाय." नखाएवढी चीर होती. पाईप थोडा लांब होता. त्याने आमच्याच आंबे कापायच्या सुरीने पुढचा दोन बोटं भाग कापून टाकला, उरलेला पाईप परत तोंडावर चढवला, त्याच्या डब्यातली क्लिप आवळली. आमच्या बाटल्यांतलं आणि त्याच्या कॅनमधलं पाणी ओतलं. बाबांना म्हणाला, "काका, आता सावकाश जा. एसी लावू नका." पैसे घेईना. आंबे घेतले, तेही सहाच.

आम्ही अडीचला पोचलो. डॉक्टरांनी संध्याकाळी सातनंतर बाबांना तपासलं. ते ठीक आहेत, आज कार्यक्रमाला मागच्या रांगेत बसलेत. नवा पाईप कोल्हापुरातच बसवला, पाईप आणि कूलंट मिळून दोन हजारांच्या आत काम झालं. काटा लाल होईपर्यंत गाडी तशीच चढवली असती तर इंजिनचं हेड वाकलं असतं, गॅस्केट गेली असती आणि खर्चाला एक शून्य वाढलं असतं. ते पैशांचं. वेळेचं मोल वेगळं.

घरी आल्यावर मी त्या फाईलमधली सगळी बिलं काढून पाहिली. ऑईल, फिल्टर, ब्रेक, वॉशिंग, पॉलिश. अकरा वर्षांत एकाही कागदावर होज पाईप हा शब्द नव्हता. मेकॅनिकला विचारलं तर हसून म्हणाला, "कुणी विचारत नाही हो. आपल्याकडे हीटर लागतो कशाला?" हीटर गळायला लागला तर दोन्ही पाईप एकमेकांना जोडून हीटरला रजा द्यायची, हीसुद्धा आपल्याकडची रीत आहे. अडचणीत तसं करून घरी येता येतं, त्यात वाईट काही नाही. पण मग काच पुसायचं फडकं कायमचं हातात येतं, आणि ते जोडकामही पुढे कुणी तपासत नाही.

आता तपासायचं कसं, ते क्रमाने सांगते. पाच मिनिटांचं काम आहे आणि ते गाडी थंड असताना करायचं, म्हणजे सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी.

एक, टाकीतली पातळी पाहा. वरच्या आणि खालच्या खुणेच्या मध्ये हवी. महिन्या-दोन महिन्यांत ती खाली जात असेल तर नुसतं पाणी घालून विसरू नका. बंद यंत्रणेतलं पाणी उगाच कमी होत नाही, ते कुठेतरी जातंय.

दोन, कूलंटचा रंग. हिरवं, लाल, निळं, कंपनीप्रमाणे काहीही असेल, पण स्वच्छ हवं. तांबूस गढूळ दिसलं तर बदला. किती वर्षांनी बदलायचं ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं, आणि तिथे किलोमीटरबरोबर वर्षंही लिहिलेली असतात. यापैकी जे आधी येईल ते धरायचं. भरताना विहिरीचं किंवा बोअरचं पाणी नको, त्यातले क्षार आत थर धरतात. समुद्राजवळच्या विहिरी तर मचूळच. बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड पाणी वापरा, किंवा तयार मिश्रण मिळतं ते.

तीन, पाईप दाबून पाहा. पत्र्याकडे जाणारे ते दोन बारीक पाईप शोधा. आधी मधोमध दाबा, मग टोकाला, क्लिपच्या अलीकडे. दोन्हीकडे सारखंच लवचीक लागलं पाहिजे. टोकाला भुसभुशीत लागलं, आत काहीतरी करकरलं, पाईप फुगलेला, चिकट किंवा लाकडासारखा टणक वाटला, तर बदलायची वेळ झाली. माझं मत विचाराल तर गाडी चार-पाच वर्षांची झाली की दर सर्व्हिसिंगला हे पाईप दाबून घ्यावेत, आणि आठ-दहा वर्षांची झाली की चांगले दिसत असले तरी दोन्ही एकदम बदलावेत.

चार, क्लिपा. गंज, ओल, किंवा वाळलेल्या कूलंटचा पांढरा-हिरवा डाग दिसला तर तिथे गळतंय. क्लिप आवळावी, पण जीव खाऊन नाही. फार आवळली तर तीच रबर कापते.

पाच, गाडीच्या आत डाव्या पायाजवळचं कार्पेट. ओलं असेल तर बोट लावून वास घ्या. एसीचं पाणी नितळ आणि बिनवासाचं असतं. चिकट, रंगीत, गोडसर वासाचं असेल तर आतला हीटर गळतोय. काचेवर आतून तेलकट थर येतो आणि पुसला तरी पुन्हा येतो, हेही त्याचंच लक्षण.

यात एक सावधगिरी. ग्लायकॉल विषारी आहे आणि चवीला गोड. काढलेलं जुनं कूलंट खळ्यात, अंगणात, बादलीत ठेवू नका. कुत्रा, मांजर ते चाटतात आणि थोड्याशानेही दगावतात. लहान मुलांनाही तोच धोका. गॅरेजमध्येच काढून घ्या.

आता रस्त्यात गाडी तापली तर. दोन वेगळ्या परिस्थिती आहेत आणि त्यांचा गोंधळ करू नका.

पहिली, वाफ नाही, वास नाही, पण चढावर काटा हळूहळू वर चढतोय. एसी बंद करा, काचा उघडा, आणि हीटर पूर्ण लालवर नेऊन पंखा जोरात लावा. मे महिन्यात घाम निघेल, पण तो छोटा रेडिएटर मोठ्याच्या मदतीला येतो आणि इंजिनची काही उष्णता तुमच्या अंगावर काढून टाकतो. ज्याला आपण आयुष्यभर बंद ठेवलं तो इथे उपयोगी पडतो. एखाद्या मिनिटात काटा उतरला नाही तर गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा.

दुसरी, वाफ दिसतेय, वास येतोय, किंवा हीटर लावल्यावर त्यातून थंड हवा येतेय. इंजिन गरम आणि हीटर थंड, याचा अर्थ हीटरपर्यंत पाणीच पोचत नाही. तेव्हा एक किलोमीटरही पुढे जाऊ नका. काट्याकडे बघून धीर धरू नका, कारण तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तेव्हाच खरं सांगतो. पाणी निघून गेलं आणि तो कोरडा पडला की काटा खालीही येऊ शकतो, आणि आपल्याला वाटतं संकट टळलं. माझ्या धंद्यात याला आम्ही फार घाबरतो. तक्रार येणं थांबलं याचा अर्थ दुरुस्ती झाली असा नसतो, कधी तक्रार करणाराच बंद पडलेला असतो. अलीकडच्या कित्येक गाड्यांत तर काटाही नसतो, थंड असताना निळा दिवा आणि फार तापल्यावर लाल. लाल लागला की थांबायचं, चर्चा नंतर.

थांबल्यावर निदान अर्धा तास झाकणाला हात लावायचा नाही. तापलेल्या इंजिनात थंडगार पाणी एकदम ओतायचं नाही, धातूला तडा जाऊ शकतो. अडचणीत कुठलंही स्वच्छ पाणी चालेल. भरताना हीटर लालवर ठेवून इंजिन थोडं चालवा, म्हणजे हीटरमध्ये अडकलेली हवा बाहेर येईल, आणि पातळी पुन्हा भरा. नंतर आठवड्याभरात ते साधं पाणी काढून कूलंट भरून घ्या.

गाडीत ठेवायच्या वस्तू चारच. पाच लिटर पाण्याचा कॅन, पाईपच्या मापाच्या दोन जुबली क्लिपा, एक स्क्रू ड्रायव्हर आणि धारदार सुरी. शे-दोनशे रुपयांचं सामान आहे.

इलेक्ट्रिक गाडीवाले हसत असतील, तर त्यांनाही सांगते. तुमच्याही बहुतेक गाड्यांत बॅटरी आणि मोटर थंड ठेवायला कूलंट फिरतं, त्यालाही पाईप आहेत आणि त्या पाईपांनाही क्लिपा आहेत.

सर, बाई, तुमच्यापैकी ज्यांच्या दारात गाडी आहे त्यांनी माझ्या या वर्गमित्रांना हक्काने कामाला लावा. एरवी आम्ही सुट्टीत येतो, आंबे खातो, गाडीला किल्ली मारून "चालू आहे ना, मग ठीक आहे" म्हणतो आणि निघून जातो. या खेपेला जो तो आपापल्या घरच्या गाडीचं बॉनेट उघडेल आणि ते दोन पाईप दाबून बघेल, एवढी विनंती आहे. पाईप मऊ लागला तर मारुती मंदिरापासून हातखंब्यापर्यंत गॅरेजं पुष्कळ आहेत, आणि उद्या सोमवार आहे, उघडी असतील.

प्रश्न असतील तर जेवणाच्या पंगतीत विचारा. बाबा पण आहेत, ते माझ्यापेक्षा नीट सांगतील.